ट्रॅक्टरचा हात आणि खंडेनवमी

मला घाबरायला फारसं काही लागत नाही. दूध उतू जाईल म्हणून मी घाबरते आणि गेलं नाही तर नासलं असेल म्हणून घाबरते. घरात सगळे मला हसायचे. हे तर पाहुण्यांसमोर म्हणायचे, "हिला भीती वाढताना देवानं हात आखडला नाही." आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नसत, तेव्हा 'हे' म्हणजे माझे यजमान, एवढं नव्या वाचकांनी लक्षात ठेवावं. अशा माझ्या अंगणात यांनी एक लोखंडी हात बांधायला काढला. त्या वर्षी माझी झोप जी गेली ती पुरती परत आलीच नाही.

डोंबिवलीला, ठाकुर्लीच्या बाजूला, आमची दोन एकरांची बाग होती. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. तेव्हा तिकडे वस्ती विरळच होती. मोगरा, केळी, थोडे चिकू आणि हंगामाची भाजी. बाग मामंजींची. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. आयुष्यभर कचेरीत खर्डेघाशी केलेला हा माणूस पेन्शनीत निघाल्यावर मातीत असा काही उतरला की जेवायला बोलवायला बांधावर जावं लागायचं. आधी जवळच्या गावातली आगरी माणसं कामाला यायची. पुढे ती एकेक करून कारखान्यांत लागली. त्यात वाईट काय? महिन्याला ठरलेला पगार कोण सोडील? पण म्हशींच्या तबेल्यातलं खत बैलगाडीनं फाटकाशी येऊन पडायचं आणि ते झाडांपर्यंत न्यायला मामंजी एकटेच उरायचे.

टोपल्या वाहून वाहून त्यांना अंतर्गळ झाला, हल्ली हर्निया म्हणतात तो. ठाण्याला ऑपरेशन झालं. टाके काढताना डॉक्टरांनी बजावलं, "पाण्याच्या तांब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही. पुन्हा फाटलं तर माझ्याकडे इलाज नाही." मामंजींनी मान हलवली. घरी येऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच केळीच्या आड खताची टोपली डोक्यावर घेतलेले मला सापडले. मी ओरडले तेव्हा म्हणाले, "अगं, अर्धीच आहे." जणू अर्ध्या टोपलीला डॉक्टरांची परवानगी होती!

ही बातमी थोरल्या भाऊजींच्या कानावर गेली. भाऊजी म्हणजे यांचे मोठे बंधू, ठाण्याला राहायचे. माणूस प्रेमळ, पण त्यांचं प्रेम हुकमासारखं यायचं. ते रविवारी आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "बाग कुणाला तरी करायला देऊन टाका. बाबा आणि आई माझ्याकडे येतील. दुसऱ्या मजल्यावर छान गॅलरी आहे, बाबांना खुर्ची टाकून देतो." मामंजींनी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला सुरुवात केली. शेवटी हे म्हणाले, "दसऱ्यापर्यंत थांब, दादा. मी काहीतरी करतो. बाबांना उचलायलाच लागणार नाही असं करतो."

हे ठाण्याला एका कारखान्यात फिटर होते. हात चांगला होता, डोकंही होतं, फक्त पुरे कुठं म्हणायचं ते कळायचं नाही. कल्याणच्या पुढे लढाईच्या वेळी लष्कराचा तळ होता. तळ उठल्यावर तिथलं सामान बरीच वर्षं विठ्ठलवाडीच्या बाजूच्या भंगारवाल्यांकडे पडून होतं. तिथूनच यांनी आदल्या वर्षी एक बुटका ट्रॅक्टर आणला होता, विमानांचं सामान ओढायचा. आता त्याच ट्रॅक्टरला पुढून दोन लोखंडी हात लावायचे, हातांच्या टोकाला पत्र्याचं मोठं सूप, आणि तेलाच्या दाबावर ते सूप वर-खाली करायचं, असा बेत ठरला. सूप हा शब्द सासूबाईंचा. खरंच ते सुपासारखंच दिसायचं.

ज्येष्ठापासून काम सुरू झालं. माती टाकायच्या लष्करी लॉरीचा मोठा जॅक आणला. तो झिजलेला होता. त्याच्या आत तेल अडवायला चामड्याच्या वाट्या लागतात. त्या कुठं मिळेनात, तेव्हा कल्याणच्या एका मोच्याकडून यांनी त्या बनवून घेतल्या. तो बिचारा विचारत होता, "साहेब, हा कुठल्या पायाचा जोडा?" वाट्या तेलात भिजत ठेवायच्या होत्या. यांनी त्या माझ्या तुपाच्या चिनीमातीच्या सटात ठेवल्या. सासूबाईंना कळलं तेव्हा घरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. सट गेला आणि वाट्या मागच्या पडवीत गेल्या. जॅकमध्ये घालायला एरंडेल आणलं, तेही डबाच्या डबा. लहानपणी महिन्यातून एकदा नाक दाबून प्यायलेल्या त्या तेलाचा वास चार महिने माझ्या लुगड्यांना येत होता.

मी काम करता करता खिडकीतून बघत राहायची. आणि बघता बघता प्रश्न विचारायची. नळी फुटली तर? हात तुटला तर? वर गेलेलं खाली आलंच नाही तर? हे वैतागून म्हणायचे, "बाई गं, जरा चांगलं बोलायचं काय घेशील?"

श्रावणात पहिल्यांदा सूप खतानं भरून वर उचललं. इंजिन धडधडलं, दांडा ओढला आणि आठ-दहा टोपल्यांचं खत माझ्या छातीच्या उंचीवर गेलं. मामंजींनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना कधी टाळ्या वाजवताना पाहिलं नव्हतं. इंजिन बंद करून आम्ही सगळे चहाला आत गेलो. चहा घेऊन बाहेर आले तर सूप वीतभर खाली आलेलं. कुणी हात लावला नव्हता. आवाज नव्हता, काही नव्हतं, आपलं आपण उतरलं होतं.

"जरा गळतंय आतल्या आत," हे म्हणाले. "व्हॉल्व्ह नीट बसत नाही. बघतो."

त्यांनी बघितलं, तीनदा उघडून बघितलं. गळती कमी झाली, थांबली नाही. मी मागच्या विहिरीच्या कठड्यावर कोळशानं रेघा ओढल्या आणि सूप किती वेळात किती उतरतं ते मोजायला लागले. ट्रॅक्टर नेहमीच्या जागी उभा असला की स्वयंपाकघराच्या खिडकीतून सूप आणि रेघा एका ओळीत दिसायच्या. गार दिवशी हळू उतरायचं. ऊन असलं की एरंडेल पातळ व्हायचं आणि भरभर उतरायचं. मी हे यांना सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच ते मला हसले नाहीत.

मी हट्टच धरला. हात वर गेले की त्यांना खालून आडवं अडवणारं काहीतरी पाहिजे. तेलावर माझा विश्वास नाही. मग यांनी चौकटीला दोन्ही बाजूंनी भोकं पाडली आणि मनगटाएवढी जाड लोखंडी खीळ केली. हात वर करायचे, खीळ आरपार घालायची, मग तेल सगळं गळून गेलं तरी हात खाली येणार नाहीत. खीळ ठेवायला ट्रॅक्टरच्या बाजूलाच एक आकडा लावला. खीळ घातल्याशिवाय कुणी हाताखाली जायचं नाही, हा नियम मी केला आणि मामंजींकडून देवासमोर वदवून घेतला. ते हसत म्हणाले, "बरं बाई, खीळ आधी आणि राम मागून."

नंतरचे दीड-दोन महिने मामंजींचे होते. सकाळी डोक्याला पंचा गुंडाळून ते त्या बुटक्या ट्रॅक्टरवर बसायचे आणि खत, माती, विहिरीतला गाळ, जे दिसेल ते उचलायचे. गरज नसलेलंसुद्धा उचलायचे. एकदा नुसता वाळलेल्या पानांचा ढीग या टोकाचा त्या टोकाला नेला आणि परत आणला. रंग उजळला, जेवण वाढलं. मी मात्र इंजिनाचा आवाज थांबला की हातातलं टाकून खिडकीशी. खीळ दिसली की परत चुलीशी. किती वेळा भाजी करपली याची गणती नाही.

आणि मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा असते, हे सांगायला नको. आमच्याकडे तलवार कुठली असायला, पण कोयता, विळी, कुदळ, पहार, यांचे पाने आणि हातोडे, मामंजींची जुनी कचेरीतली दौतसुद्धा, सगळं घासूनपुसून चौरंगावर मांडायचं. गंध, फूल, अक्षता. एकदा मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. त्यालाही एक दिवस विसावा. सासूबाई या बाबतीत कडक होत्या. घासायचं काम माझं. मी पहाटेपासून चिंच आणि राख घेऊन बसले होते. बागेत फिरून एकेक गोळा केलं. ट्रॅक्टरच्या आकड्याला खीळ होती, पावसानं तांबूस झालेली. मला वाटलं, या सगळ्यांत खरी राखण तर हीच करते, हिची पूजा आधी व्हायला हवी. सूप जमिनीवर टेकलेलं होतं. आज ट्रॅक्टर चालायचा नव्हता. मी खीळ काढली, चांदीसारखी घासली, तेलाचं बोट लावलं आणि चौरंगावर पहारीच्या शेजारी ठेवली. वर झेंडूचं फूल ठेवलं. कुणाला सांगायचं माझ्या मनातही आलं नाही.

हे सकाळीच ठाण्याला गेले होते, भाऊजींना घेऊन यायला. भाऊजींनी हात अजून पाहिला नव्हता. आज पाहणार होते आणि मग बागेचं काय ते ठरणार होतं. मामंजी सकाळपासून चुळबुळत होते. त्यांनी ट्रॅक्टर धुतला, हार घातला, आणि मग त्यांना वाटलं की थोरला फाटकातून आत येईल तेव्हा हात खाली टेकलेले दिसायला नकोत, वर केलेले दिसायला हवेत. मिनिटभर इंजिन चाललं आणि बंद झालं. मला ते ऐकू आलं. मी पुरणात होते. आजच्या दिवशी कशाला हे, एवढं पुटपुटले आणि गप्प बसले. खिडकीशी गेले नाही. आयुष्यात जिथं घाबरायला हवं होतं तिथं मी घाबरले नाही, ते एकदाच.

पुढचं मला मामंजींनीच सांगितलं. ते खिळीसाठी आकड्याकडे गेले तर आकडा रिकामा. घरात डोकावले तर खीळ चौरंगावर गंधफूल लावून बसलेली. पूजा केलेलं हत्यार कसं उचलायचं? दोन मिनिटांचं तर काम, म्हणून ते तसेच बाहेर आले. सगळीकडे गंध लावून झालं होतं. फक्त ज्याच्या जोरावर हात उचलले जातात तो जॅक राहिला होता, आणि तो दोन हातांच्या मधोमध, आत. ते वाकून आत शिरले आणि उकिडवे बसले. जॅकवर तेलाचा राप होता, त्यावर गंध ठरेना. मग ते राप खरवडत बसले. दोन मिनिटांची वीस झाली, पंचवीस झाली. ऊन चांगलंच तापलं होतं.

मी हात धुवायला खिडकीशी आले. सूप तिसऱ्या रेघेच्या खाली होतं. आणि हातांच्या मध्ये मामंजींचं धोतर दिसत होतं.

मी पळाले. कशी पळाले ते आठवत नाही. दोन हातांना जोडणारी आडवी पट्टी मामंजींच्या पाठीवर मानेच्या जरा खाली टेकली होती. पुढे ट्रॅक्टरची जाळी, मागून पट्टी. उकिडवे बसलेले असल्यामुळे त्यांना पाय सोडता येत नव्हते आणि ऑपरेशनच्या पोटाला गुडघे रुतले होते. तोंड लालभडक. ओरडत मात्र नव्हते. मला बघून नुसते म्हणाले, "हळू बोल."

मला ट्रॅक्टर चालू करता येत नव्हता. मी पट्टी हातांनी उचलायला गेले, ती हलेना. मग मी घरात धावले आणि चौरंगावरची पहार उचलली. फुलं, अक्षता, दौत, सगळं खाली. सासूबाई समोर बसल्या होत्या. "अगं, अगं! आज हलवायचं नसतं ते!"

"मामंजी अडकलेत!" मी म्हटलं. "या, लवकर या!"

जवळच जांभ्याचा एक चिरा पडला होता. तो ढकलून त्यावर पहार टेकवली, टोक पट्टीखाली घातलं आणि दुसऱ्या टोकावर मी सगळी लोंबकळले. पट्टी बोटभर उचलली, मग दोन बोटं. सासूबाईंनी, ज्यांनी आयुष्यात नवऱ्याला चारचौघांत हात लावला नव्हता, त्यांनी मामंजींच्या काखांत हात घालून त्यांना ओढलं. ते बाहेर येताच माझी पकड सुटली आणि लोखंडी हात खाली बसले. मी तिथंच चिखलात बसले आणि रडायला लागले.

मामंजींच्या पाठीवर आडवा काळानिळा वळ उठला होता, कातडंही जरा सोललं होतं. पोटाला काही झालं नव्हतं. पाणी पिऊन झाल्यावर ते मला म्हणाले, "सूनबाई, यातलं थोरल्याला काही कळता कामा नये."

"मामंजी, तुम्ही हाक का नाही मारलीत? मी आतच होते."

त्यांनी फाटकाकडे बघितलं. "ते दोघं फाटकाशी आले असते तर? मला असं बघितलं असतं तर संपलंच होतं. तुला खरं सांगतो, आत बसलो होतो तेव्हा मरणाची भीती नाही वाटली. ठाण्याची वाटली."

सासूबाई म्हणाल्या, "काही झालं नाही ना? मग झालं तर." आम्ही तिघांनी मिळून चौरंग पुन्हा मांडला. पहार धुतली, फुलं होती तिथं ठेवली. मामंजींनी स्वच्छ सदरा घातला आणि वरून उपरणं घेतलं. एवढ्यात फाटक वाजलं.

भाऊजी खूश झाले. खरंच खूश झाले. ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या मारल्या, जॅकवरचं गंध बघून हसले. धाकट्या भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लेका, तू तर कमाल केलीस." पानावर बसल्यावर मामंजींना म्हणाले, "बाबा, मी आता ठाण्याचं नाव काढत नाही. राहा तुम्ही तुमच्या बागेत." मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी आजही सांगू शकते. एखादा माणूस हात जोडल्याशिवायही विनवू शकतो.

मी पुरणपोळी वाढत होते. भाऊजी पुढे म्हणाले, "दिवाळीत मुलांनाच घेऊन येतो. त्यांना ही गंमत दाखवली पाहिजे. दिवसभर त्या हातांखाली खेळतील."

माझ्या हातातली पोळी ताटाबाहेर पडली. "नको," मी म्हटलं. आणि मग थांबता आलं नाही. खीळ मी काढली होती, कुणाला सांगितलं नाही, हात आपोआप उतरतात, मामंजी आत अडकले होते, सगळं बोलून टाकलं. यांचा चेहरा पांढरा पडला. भाऊजी उठले, उष्ट्या हातानंच मामंजींच्या मागे गेले आणि त्यांनी उपरणं बाजूला केलं. सदऱ्यावर तेलाचा आणि थोडा रक्ताचा डाग उमटला होता. मग मामंजीच म्हणाले, "चूक तिची नाही. दिवाळी झाली की येतो मी." आणि त्यांनी पानावरचं सगळं संपवलं. टाकायची त्यांना सवय नव्हती.

भाऊबीज झाल्यावर मामंजी आणि सासूबाई ठाण्याला गेले. त्यानंतर पंधरा दिवसांनी यांनी जॅक पुन्हा उघडला. व्हॉल्व्हच्या बुडाशी मोहरीएवढा लोखंडाचा कीस अडकलेला सापडला. तो काढला आणि हात जिथं नेऊन ठेवावा तिथंच राहायला लागला. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत रेघेकडे बघत बसले होते. तो केसभरही उतरला नाही. हे पडवीत बसून होते, मी त्यांच्याजवळ गेले नाही.

मामंजी पुढे नऊ वर्षं जगले. तब्येत ठणठणीत. भाऊजींनी त्यांना काही कमी पडू दिलं नाही. आम्ही भेटायला गेलो की ते गॅलरीतल्या खुर्चीत असायचे. खाली रस्ता होता, समोर दुसरी चाळ. मी बागेतला मोगरा न्यायची. ते ओंजळीत घ्यायचे, वास घ्यायचे आणि सासूबाईंकडे देऊन टाकायचे. बागेचं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, विचारावं, चार शब्द बोलावेत, रागवावं तरी. पण ते माझी मुद्दाम विचारपूस करायचे, गाडीला गर्दी होती का, जेवून जा, असं. कुणी पाहुणे बसलेले असले की माझ्याकडे बोट दाखवून कौतुकानं सांगायचे, "ही आमची धाकटी सून. हिनं मला वाचवलं."

पाहुणे माझ्याकडे बघायचे. मला मात्र मामंजींकडे बघवत नसे.